फेल्टच्या पानांचे देठ
फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, पाने कटिंग मशीनवर सुबक निघतात. खरी परीक्षा देठांची असते. फिरत्या पात्याला लहान वळणे जमत नाहीत, म्हणून ३ मिलिमीटर रुंदीचे देठ पानासकट कापून काढण्याचा माझा पहिला प्रयत्न चिंध्यांवरच संपला. आता मी पान बुडाशी जरा रुंद ठेवते, तेथे एक चुणी घालून हिरवा कागद गुंडाळलेली २० गेजची तार गरम गोंदाने बसवते आणि ती मागच्या बाजूने मधल्या शिरेच्या निम्म्यापर्यंत नेते, त्यामुळे पान हवे तसे वाकवता येते. नुसत्या ॲक्रिलिकपेक्षा लोकरमिश्रित फेल्ट मला अधिक आवडते, कारण त्याची कड लवकर पिंजत नाही. कापताना फेल्ट ज्यावर चिकटवतात त्या मॅटला मात्र तंतू चिकटतातच. ते चिमट्याने वेचण्यात तोरणासाठी राखलेली अख्खी संध्याकाळ गेली.