समुद्रावरची माणसे आणि पायदळाची पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धातील विसाव्या मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटणीला आजही 'हार्वर्ड रेजिमेंट' म्हटले जाते, कारण तिचे बरेच अधिकारी त्या विद्यापीठातून आले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले ऑलिव्हर वेंडेल होम्स ज्युनिअर हे त्यांपैकीच एक. या नावाच्या झगमगाटात त्याच पलटणीतील 'आय' कंपनी झाकोळली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या कंपनीत मॅसॅच्युसेट्सच्याच किनाऱ्याजवळील नॅनटकेट बेटावरच्या तरुणांचा मोठा भरणा होता.

देवमाशांच्या शिकारीवर उभे राहिलेले हे बेट 1861 साली ओसरत चालले होते. 1840 मध्ये तिथे नऊ हजारांहून अधिक लोक राहत होते. 1860 पर्यंत ही संख्या जेमतेम सहा हजारांवर आली. बंदराच्या तोंडाशी साचलेल्या वाळूमुळे भरलेली मोठी जहाजे आत येईनाशी झाली, 1846 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, कॅलिफोर्नियातील सोन्याने तरुणांना ओढून नेले आणि 1859 मध्ये पेन्सिल्व्हेनियात जमिनीतून तेल निघू लागल्यावर देवमाशाच्या तेलाची सद्दी संपत आली. त्यात क्वेकर पंथाची, म्हणजे शस्त्र न उचलण्याची, परंपरा इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. तरीही युद्धकाळात या बेटाने 339 माणसे दिली, म्हणजे ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षाही जास्त.

समुद्रावर वाढलेली माणसे नौदल सोडून पायदळात का गेली, याचे एक कारण मला हिशेबाच्या वहीत सापडते. सरकार प्रत्येक गावाला सैनिकांचा कोटा ठरवून देई आणि तो भरण्यासाठी गावे भरती होणाऱ्यांना रोख बक्षिसी देत. मात्र नौदलात गेलेला माणूस गावाच्या कोट्यात धरला जात नसे. साहजिकच गावाचा आग्रह आणि गावाचा पैसा, दोन्ही पायदळाकडे वळले. खलाशांच्या गावाला आपल्या खलाशांचे श्रेय मिळू नये, हा नियम मला उघड अन्याय वाटतो.

11 डिसेंबर 1862 रोजी व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्गला ही माणसे रॅपहॅनॉक नदीच्या काठी उभी होती. पलीकडच्या घरांतून शत्रूचे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने लढणारे मिसिसिपीचे नेमबाज पुलाचे काम करणाऱ्यांना टिपत होते, म्हणून तरंगत्या पुलासाठी आणलेल्या होड्यांतूनच सैनिकांना पलीकडे धाडण्यात आले. होडीत बसून पाणी ओलांडणे नॅनटकेटच्या पोरांना नवे नव्हते. नवे होते ते त्यापुढचे. पलटणीची सूत्रे त्या दिवशी कॅप्टन जॉर्ज मेसी यांच्याकडे होती, आणि ते स्वतः नॅनटकेटचे. काठावरून वर चढणाऱ्या अरुंद रस्त्याने रांगा धरून पुढे जाण्याचा हुकूम सुटला आणि 'आय' कंपनी सर्वांत पुढे होती. समुद्रावर धोका आला तर लाट दिसते, वारा बदललेला कळतो; इथे मात्र गोळ्या खिडक्यांतून, तळघरांतून आणि कुंपणांआडून येत होत्या आणि मारणारा दिसतच नव्हता. सुमारे पन्नास यार्डांच्या त्या पट्ट्यात पलटणीचे 97 जण ठार किंवा जखमी झाले. जोसाया मर्फी या नॅनटकेटच्या तरुणाच्या चेहऱ्यावर गोळी लागली, तो वाचला. शिपायापासून वर चढून लेफ्टनंट झालेला बेटावरचाच लिअँडर अ‍ॅली दोनच दिवसांनी शहरामागच्या टेकडीवरील हल्ल्यात मारला गेला.

मेसी यांनी पुढच्या जुलैत गेटिसबर्गला डावा हात गमावला आणि तरीही ते पलटणीत परतले. फ्रेडरिक्सबर्गच्या त्या रस्त्यावर 'आय' कंपनीचे नेतृत्व करणारे हेन्री अ‍ॅबट मे 1864 मध्ये विल्डरनेसच्या लढाईत मारले गेले. युद्धात आधीच नौदलात गेलेल्या माणसांनाही त्यांच्या गावाच्या कोट्यात धरावे, असा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, 4 जुलै 1864 रोजी.