गायीचा गुडघा कुठं असतो?

पशुवैद्यकीय कॉलेजातल्या पहिल्या वर्षाचा दुसरा आठवडा होता. शरीररचनेच्या हॉलमध्ये मधोमध गायीचा पूर्ण सांगाडा उभा. सरांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "गायीचा गुडघा दाखव." माझं सगळं बालपण गोठ्यात गेलेलं. मी पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला लगेच हात लावला. आमच्या माण तालुक्यात खिल्लार बैल खाली बसताना आधी ज्या सांध्यावर टेकतो, त्याला अख्खं गाव गुडघाच म्हणतं.

"हे मनगट आहे," सर म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचा हात सांगाड्याशेजारी धरला आणि एकेक हाड जुळवून दाखवलं. कार्पस म्हणजे आपलं मनगट. त्याच्या खालचं लांब हाड म्हणजे आपल्या तळहातातलं तिसरं आणि चौथं हाड, एकमेकांना चिकटून एक झालेलं. गाय उभी असते ती दोन बोटांच्या नखांवर. तिचा खरा गुडघा मागच्या पायात, पार वर, कुशीजवळ कातडीत झाकलेला. त्याचं नाव स्टायफल. आणि मागच्या पायाला जो टोकदार सांधा दिसतो तो हॉक, म्हणजे घोटा, आणि त्याचं टोक म्हणजे टाच. त्या रात्री मी होस्टेलच्या गॅलरीत टाचा उचलून, हात जमिनीला टेकवून उभी राहून बघितलं. गायीचं सगळं शरीर तेव्हा पहिल्यांदा माझ्या शरीरावरून कळलं.

शब्द मात्र कळत नव्हते. दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण मराठीत झालं. अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत होतं, पण तिथं ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं पाठ करून निभलं. पशुवैद्यकीय पदवीची साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि पहिल्या महिन्यातच वहीत हजारभर नवे शब्द. स्पेलिंग एक, उच्चार दुसराच. न्यूमोनियाच्या सुरुवातीला पी आहे हे बारावीत कळलेलं, पण सीकमच्या, म्हणजे आंधळ्या आतड्याच्या, स्पेलिंगमधले ए आणि ई मिळून नुसता 'ई' होतो, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी पहाटे चारला उठून पानंच्या पानं घोकायची. पहिल्या चाचणीत नापास झाले.

त्यात आणखी एक गोंधळ. माझी शाळेतली मैत्रीण एमबीबीएसला होती. आम्ही फोनवर एकमेकींचा अभ्यास घ्यायचो. तिच्याकडं अँटेरिअर म्हणजे समोरचा, पोटाच्या बाजूचा. मी तेच गायीला लावलं आणि फसले, कारण माणूस उभा असतो आणि गायीचं पोट जमिनीकडं असतं. म्हणून आमच्याकडं दिशांची नावं जनावराच्याच अंगावरून पडलेली आहेत: डोक्याकडचं ते क्रेनिअल, शेपटीकडचं कॉडल, पाठीकडचं डॉर्सल, पोटाकडचं व्हेंट्रल. खुद्द डोक्यात नाकपुडीच्या दिशेला रोस्ट्रल म्हणायचं, कारण डोक्यात असताना 'डोक्याकडे' म्हणून काय कळणार? कॉडा म्हणजे लॅटिनमध्ये शेपूट. हे समजल्यावर कॉडल हा शब्द मी परत कधी पाठ केला नाही.

खरी वाट दाखवली ती तिसऱ्या वर्षाच्या एका ताईनं. मी मेसमध्ये जेवताना डावीकडं पुस्तक उघडून बसलेली. तिनं पुस्तक बंद केलं आणि म्हणाली, "शब्द गिळू नको. फोड." तिनं कागदावर एकच शब्द लिहिला, ऑम्फॅलोफ्लेबायटिस. मला वाटलं, हा काही या जन्मात पाठ होत नाही. तिनं पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. ऑम्फॅलो म्हणजे नाभी. फ्लेब म्हणजे शीर. आयटिस म्हणजे दाह. वासराची नाळ कापल्यावर टिंक्चर आयोडीन लावलं नाही, गोठा ओला राहिला की बेंबीतून जंतू आत शिरतात, शीर सुजते, पुढं सांधे धरतात. आमच्या आबांनी अशी दोन वासरं गमावली होती. त्या आजाराला नाव आहे, आणि त्या नावात तो कुठून सुरू होतो हेही लिहून ठेवलंय, हे बघून मी जेवण विसरले.

दुसऱ्या दिवशी नवी वही केली. शाळेत आठवी ते दहावी संस्कृत होतं, ते इथं कामाला येईल असं स्वप्नातही नव्हतं. पण ऑम्फॅलो आणि नाभी हे एकाच मुळातले शब्द आहेत. ऑस्टिओ आणि अस्थि तसेच. डेंट आणि दंत, पोड आणि पाद, नेझो आणि नासिका, जेनू आणि जानु. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे परकं वाटत होतं, ते मला आजोळच्या माणसासारखं ओळखू यायला लागलं. पोडोडर्मटायटिस वाचला की पाद आणि त्वचा आपोआप समोर. स्नायूंची नावं तर पत्ताच सांगतात. ब्रॅकिओसिफॅलिकस: ब्रॅकिओ दंडाचा, सिफॅलिक डोक्याचा, म्हणजे दंडापासून डोक्याकडं जाणारा. पूर्वी नुसतं नाव पाठ करत होते, आता नाव वाचून बोट त्या जागेवर जायचं.

शब्दांच्या शेवटी लागणाऱ्या शेपटांचं प्रकरण वेगळं. टॉमी, स्टॉमी आणि एक्टॉमी मला वर्षभर छळत होते. ते पक्के झाले ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी उभी राहिल्यावरच. रूमेनोटॉमी म्हणजे कोठीपोट कापून उघडायचं, काम झालं की शिवायचं. रूमेनोस्टॉमी म्हणजे तिथं तोंड करून ठेवायचं. एक्टॉमी म्हणजे काढूनच टाकायचं. जी गोष्ट तक्त्यावरून पाठ होत नव्हती, ती एकदा रूमेनमधून प्लास्टिकच्या पिशव्यांचा बोळा बाहेर येताना बघितल्यावर कायमची डोक्यात बसली.

आणि एक शब्द असा, जो मला कधीच विसरता येणार नाही: ट्रॉमॅटिक रेटिक्युलोपेरिकार्डायटिस. चौथ्या वर्षी दवाखान्यात एक गाय आली. पुढची कोपरं बाहेर फेकून उभी होती. मानेची शीर दोरीसारखी फुगलेली, गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलेलं, पाऊल टाकताना कण्हत होती. मालक म्हणाले, "मॅडम, आठ दिवसांपूर्वी उताराला चालायला मागत नव्हती, मला वाटलं मुरगळलं." केसपेपरवर सरांनी तो लांबलचक शब्द लिहिला आणि माझ्याकडं बघितलं. मी मोठ्यानं फोडत गेले. ट्रॉमॅटिक, जखमेनं झालेला. रेटिक्युलो, म्हणजे रेटिक्युलम, जाळीचं पोट. लॅटिनमध्ये रेटे म्हणजे जाळं. जत्रेच्या दिवशी बोकडाची वजडी धुताना ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पिशवी मी किती वेळा हातात घेतली होती! पेरि म्हणजे भोवती, कार्डि म्हणजे हृदय, आयटिस दाह. गाय चारा चावून-निवडून खात नाही, वैरणीतली तार, खिळा तसाच गिळते. तो या जाळीत अडकतो. पोट आकुंचन पावलं की तो पुढं सरकतो, आणि पुढं फक्त पातळ पडदा आणि त्यापलीकडं हृदय. एका शब्दात त्या तारेचा सगळा प्रवास होता. मी बोलत असताना मालक ऐकत होते. शेवटचा तुकडा सांगून झाला तेव्हा ते गायीच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभे होते. ती गाय वाचली नाही. तेव्हापासून आमच्या गोठ्यात भाऱ्याची तार सुटली की ती आधी डब्यात जाते, मग वैरण दावणीत.

माझ्या हातून एक चूकही झाली, ती सांगितलीच पाहिजे. नुकती व्यालेली, मान कुशीकडं वळवून बसलेली, अंग गार पडलेली गाय. दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण ताप नसतो, उलट तापमान उतरलेलं असतं. इंग्रजी नावातली चूक मराठीत जशीच्या तशी आली आहे. रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्यानं हे होतं, म्हणजे हायपोकॅल्सिमिया. मी घाईत हायपर लिहिलं. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या पाळीच्या माणसानं हे वाचलं असतं तर त्यानं कॅल्शियम दिलंच नसतं." कॅल्शियम शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यायचं असतं, ते मी त्या दिवशी थरथरत्या हातानं दिलं आणि गाय संध्याकाळी उठली. तेव्हापासून हायपो आणि हायपर लिहिताना मी पेन थांबवून एकदा मनात म्हणते, कमी की जास्त?

इंटर्नशिपला खेड्यावरच्या दवाखान्यात गेले आणि कळलं की माझी वही अर्धीच आहे. तिथं कुणी मॅस्टायटिस म्हणत नाही. कासदाहसुद्धा नाही. लोक म्हणतात, "दगडी झालीय." कास दगडासारखी लागते, सडातून दह्याच्या गुठळ्या येतात; एका शब्दात हाताला जे लागतं ते आलं. ब्लॅक क्वार्टरला म्हणतात फऱ्या किंवा एकटांग्या. फरा म्हणजे जनावराच्या मांडी-खांद्याचा भाग, क्वार्टर म्हणजेही तेच. सुजेवर बोट दाबलं की आत वायू असल्यानं करकर वाजतं. पुस्तकात त्याला क्रेपिटेशन म्हणतात. गावातला म्हातारा मला म्हणाला, "पापडावानी वाजतंय बघ, पोरी." मी वहीत तिसरा रकाना आखला. आधी मूळ, मग पुस्तकातला शब्द, आणि आता गोठ्यातला.

या रकान्यातच एक सापळाही सापडला. एका वस्तीवर बैलाला घटसर्प झाला होता. गळा सुजलेला, श्वासाची घरघर. आजींनी नातवंडांना घरात कोंडून ठेवलं होतं. "लेकरांना दवाखान्यात त्रिगुणी टोचलीय, तरी भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. माणसांतला घटसर्प म्हणजे डिप्थीरिया. गुरांतला घटसर्प म्हणजे हेमरेजिक सेप्टिसिमिया, ज्याचा जिवाणू पाश्चुरेला मल्टोसिडा; पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चरवरून, मल्टोसिडा म्हणजे पुष्कळांना मारणारा. नाव एक, रोग दोन. मी आजींना समजावलं की हा तो नव्हे, आणि पावसाळ्याआधी गुरांना लस टोचून घ्यायला सांगितलं. उलटंही होतं. अँथ्रॅक्सला गुरांत फाशी म्हणतात, माणसाला झाला तर काळपुळी. अँथ्रॅक्स म्हणजे ग्रीकमध्ये कोळसा, त्या काळ्या खपलीवरून पडलेलं नाव. ग्रीक वैद्यानं आणि आमच्या माणसानं तीच खपली बघितली आणि दोघांना तोच रंग दिसला. हे वाचून मला खूप बरं वाटलं होतं.

सगळ्यात आवडता शब्द माजाचा. पुस्तकात ईस्ट्रस. ग्रीकमध्ये ओइस्ट्रोस म्हणजे गोमाशी, जी चावली की गुरं शेपूट उभारून उधळतात. मेंढीच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीचं शास्त्रीय नावही ईस्ट्रस ओव्हिस. प्रजननाच्या आणि परजीवींच्या तासाला एकच शब्द का येतो, याचं उत्तर मला गोमाशीनं दिलं. आणि पुस्तकात ज्याला सायलेंट हीट म्हणतात त्याला आमच्या बायका 'मुका माज' म्हणतात. म्हैस हंबरत नाही, अंगावर उड्या घेत नाही, पण बाई धार काढताना ओळखते. आत्यांना मी विचारलं, कसं कळतं? "दूध चोरती त्या दिशी," त्या म्हणाल्या. हे मी त्या रकान्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

कुणी नव्यानं शिकत असेल तर एक गोष्ट वापरातली सांगते. चिठ्ठीवर आम्ही एसआयडी लिहितो, दिवसातून एकदा, लॅटिन 'सेमेल इन डिए'वरून. माणसांच्या डॉक्टरांत हे फारसं चालत नाही. मेडिकलवाल्यानं मला फोन करून विचारलं होतं, हे काय आहे? तेव्हापासून मी खाली मराठीत लिहिते, "दिवसातून एकदा, सकाळी". मालकालाही वाचता येतं.

गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं माझी वही मागितली. ती लातूरकडची, तीही मराठी माध्यमातली. मी झेरॉक्स करून दिली. चार महिन्यांनी होस्टेलला गेले तेव्हा तिच्या टेबलावर ती झेरॉक्स होती, कडा काळ्या झालेल्या. मी उघडून बघितली. रिटेन्ड प्लॅसेंटाच्या ओळीत मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'वार अडकली'. तिनं त्यापुढं एक नवी रेघ ओढून, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्याकडं: जार'.