कैफियत ऑनलाइन दाखल करण्याआधी

मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात मी दिवाणी दावे चालवते. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रतिवादी शेतकरी असतात आणि भांडण बांधाचे, वहिवाटीच्या रस्त्याचे नाहीतर भावकीतल्या वाटणीचे असते. बेलिफाने समन्स आणून दिले की त्यावरची तारीख पाहून कागद कपाटात ठेवला जातो आणि तारखेच्या आदल्या दिवशी बाहेर निघतो. "ताई, तारीख तर उद्याची हाय, आधी येऊन काय करायचं होतं?" असे एका वयस्कर पक्षकाराने मला विचारले, तेव्हा समन्स मिळून तीन आठवडे उलटून गेले होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 1 प्रमाणे कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने द्यायचे लेखी उत्तर, देण्याची 30 दिवसांची मुदत समन्स बजावल्याच्या दिवसापासून मोजली जाते. समन्सवर छापलेल्या सुनावणीच्या तारखेशी तिचा संबंध नसतो.

ही मुदत न्यायालय कारणे नोंदवून 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यांत त्यानंतरही अपवाद म्हणून कैफियत घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले आहे. व्यापारी दाव्यांत मात्र 120 दिवस संपले की हक्कच संपतो. अपवादाच्या भरवशावर कोणी राहू नये असे मला मनापासून वाटते, कारण एकदा 'विना कैफियत', म्हणजे प्रतिवादीच्या उत्तराशिवाय दावा पुढे चालवण्याचा, हुकूम झाला की तो रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज, विलंबाचे समाधानकारक कारण आणि बहुधा प्रतिवादीने वादीला द्यायचा खर्च, एवढे सगळे मागे लागते. शिवाय दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज (न्यायालयाच्या बोलीत 'निशाणी 5') असेल, तर त्यावरचे म्हणणे कैफियतीच्याही आधी द्यावे लागते.

हल्ली पक्षकार पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न ऑनलाइन दाखल करण्याच्या पोर्टलचा, म्हणजे ई-फायलिंगच्या संकेतस्थळाचा असतो. माझ्या अनुभवात अपलोड करण्याचे काम तासाभराचे असते. खरा वेळ जातो तो मजकुरात. वादीच्या दाव्यातील प्रत्येक परिच्छेदाला त्याच्याच क्रमांकाने उत्तर द्यावे लागते: काय कबूल, काय नाकबूल आणि कशाची प्रतिवादीला माहिती नाही. जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल समजले जाते, हा त्याच आदेश 8 मधला नियम 5 आहे. "दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून नाकबूल आहे" या एका वाक्यावर कैफियत आटोपणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

एक उदाहरण देते. वादीने लिहिलेले असते, "प्रतिवादीने 10 जून रोजी सामाईक बांध फोडून दोन गुंठे जमिनीवर अतिक्रमण केले." याला "10 जून रोजी बांध फोडला हे म्हणणे नाकबूल" एवढेच उत्तर दिले, तर बांध दुसऱ्या कुठल्या दिवशी फोडला, असा अर्थ काढायला जागा राहते आणि दोन गुंठ्यांबद्दल तर प्रतिवादी काहीच बोललेला नसतो. नियम 4 अशा निसटत्या नकाराला नकार मानत नाही. म्हणून बांध त्या दिवशी किंवा अन्य कोणत्याही दिवशी फोडलेला नाही, दोन गुंठे किंवा त्याचा कोणताही भाग अतिक्रमित केलेला नाही आणि बांध जागेवर कायम आहे, असे तीन तुकडे वेगवेगळे लिहावे लागतात. त्यानंतर 'खरी हकीकत' या मथळ्याखाली आपली बाजू येते. प्रतिवादीलाच वादीविरुद्ध काही मागायचे असेल, तर नियम 6-अ प्रमाणे प्रतिदावा करता येतो. त्याला कोर्ट फी लागते.

सोबत जोडायच्या कागदांबाबत आपल्या भागाची एक खास अडचण आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो, पण त्यावरून जुन्या हद्दीचा वाद मिटत नाही. त्यासाठी फेरफार, मोजणीचा नकाशा आणि अनेकदा 1954-55 चे खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) काढावे लागते. निजामाच्या काळातील नोंद उर्दूत किंवा मोडीत असेल, तर तिची प्रमाणित नक्कल आणि भाषांतर मिळवण्यातच कित्येक दिवस जातात. मुदतीतला सर्वांत मोठा वाटा मी याच कामासाठी राखून ठेवते आणि पक्षकाराला पहिल्याच भेटीत तहसील व भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायला पाठवते.

मसुदा तयार झाला की तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवावा, कारण सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या कबुलीवर) आणि प्रतिज्ञापत्रावर सही त्याची असते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा. जुन्या फाँटमधल्या मराठीची पीडीएफ केली की त्यातला शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. सह्या झालेली पाने सरळ आणि स्वच्छ स्कॅन करावीत, खासरा पत्रकाची फिकट नक्कल तर विशेष काळजीने. पुढे ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर लॉगिन करून प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या 16 अक्षरांकांच्या सीएनआर क्रमांकाने चालू प्रकरण शोधायचे, वकीलपत्र, कैफियत, प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी अपलोड करायची व आधारच्या ओटीपीने किंवा डिजिटल स्वाक्षरीने सही करायची. वकील न लावता स्वतः बाजू मांडणाऱ्या पक्षकारालाही येथे नोंदणी करता येते. संगणक किंवा स्कॅनर नसल्यास न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात मदत मिळते. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, आणि ही गोष्ट आमच्याकडच्या फार थोड्या बायकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 15100 आहे.

अपलोड झाल्याचा संदेश आला म्हणजे कैफियत दाखल झाली असे धरून चालू नये. कार्यालयाकडून तपासणी होते आणि पान वाचता येत नाही, सही राहिली अशा त्रुटी काढून ती परत येऊ शकते. त्यामुळे मुदतीचे किमान चार-पाच दिवस हाताशी ठेवून अपलोड करावे, स्वीकृती मिळेपर्यंत रोज लॉगिन करून पाहावे, कैफियतीची प्रत वादीच्या वकिलांना देऊन त्यांची पोच घ्यावी आणि ती पोच पुढच्या तारखेला सोबत न्यावी.