वसईला निघालो, वागळे इस्टेटमार्गे

सीटखालून ऊब यायला लागली तेव्हाच मी गाडी थांबवायला हवी होती. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या पोटातच असतं, त्यामुळे तिला ताप आला की काट्याच्या आधी चालवणाऱ्याला कळतो. पण ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची कासारवडवली मागे पडली होती, उजव्या हाताला खाडी दिसू लागली होती आणि शेजारी बाबा चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई कशी घेतली ते सांगण्यात रंगले होते. गायमुखचा चढ लागला, काटा लाल रेघेला टेकला आणि मागून पांढरी वाफ निघाली. गाडी कडेला घेतली.

एक रिक्षावाले दादा थांबले. "ताई, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका, गळती बंद होते." उपाय खोटा नाही. रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर हळद तिथे जाऊन बसते. पण आमचं पाणी खाली रस्त्यावर गळतच नव्हतं. तासाभराने, सगळं निवल्यावर, सीट उचलून ऑइलचं झाकण काढलं. आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा थर, म्हणजे पाणी आतल्या आत ऑइलमध्ये मिसळत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "आता चावी लावू नकोस."

टो करून गाडी कापूरबावडीजवळच्या गॅरेजात आणली. मिस्त्रीकाकांनी इंजिन जेमतेम दोन सेकंद फिरवलं. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. "गॅस्केट उडालंय. हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचं धड, आणि गॅस्केट म्हणजे दोघांमध्ये बसून पाणी, ऑइल आणि गॅस वेगळे ठेवणारा पातळ थर.

हेड उतरल्यावर जे दिसलं, ते मला अजून सलतं. दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधली गॅस्केटची पट्टी काळी पडून तुटली होती, आणि पाण्याच्या भोकांच्या कडा वाळवी लागल्यासारख्या खाल्लेल्या. हा नळाच्या पाण्याचा प्रताप. गेले दोन उन्हाळे पातळी उतरली की मी कुलंटऐवजी नळाचंच पाणी ओतत आले. कुलंट म्हणजे फक्त रंगीत पाणी नव्हे, ते अ‍ॅल्युमिनियमला गंजू देत नाही. शिवाय हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमधलं ते ताणणं रोज गॅस्केट सोसत असतं. इंजिन एकदा जास्त तापलं की हेड वाकतं आणि मग नुसतं नवं गॅस्केट घालून काही होत नाही.

काकांनी हेडवर सरळपट्टी आडवी ठेवून फट मोजायच्या फिलर गेजचं पातं सरकवलं. ०.०५ मिलिमीटरच्या वर फट चालत नाही. ०.१० चं पातं सहज आत गेलं.

मग आमचा खरा प्रवास झाला तो रिक्षाने, हेड जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. कापूरबावडी ते वागळे इस्टेट. १९६२ मध्ये एमआयडीसीचं काम जिथून सुरू झालं, ती ही जागा. पत्र्याच्या शेडमध्ये लेथवाल्यांनी आधी पाण्याच्या वाटा बंद करून हेडमध्ये हवा भरली आणि ते पाण्यात बुडवलं. बुडबुडा आला असता तर हेडला तडा, म्हणजे ते भंगारात. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. पाणी शांत राहिलं. मग फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. चंदेरी पापुद्रा निघत गेला आणि खालून आरशासारखा पृष्ठभाग वर आला. खड्डे उथळ होते, तेवढ्यातच निघून गेले.

बसवण्याचं काम मी शेजारी बसून बघितलं. ब्लॉकवर चिकटलेलं जुनं गॅस्केट काकांनी ग्राइंडर न लावता हाताने खरवडलं. बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने फुंकून काढलं, कारण आत पाणी राहिलं तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड दाबलंच जात नाही. गॅस्केट कोरडंच ठेवलं, पेस्ट नाही. आणि बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, तीन फेऱ्यांत, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने. "एका दमात आवळलं की हेड तिरकं बसतं," काका म्हणाले. थर्मोस्टॅट, होज पाइप, त्याच्या क्लिपा नव्या. ऑइल आणि फिल्टर बदलले. कुलंट अर्धं, डिस्टिल्ड वॉटर अर्धं.

पुढच्या रविवारी पहाटे निघालो. गायमुखच्या चढावर बाबा काहीच बोलले नाहीत, त्यांची नजर काट्यावर होती. काटा मधेच राहिला.

वसईच्या किल्ल्यात दोन तास फिरलो. परत आल्यावर इंजिन हाताला गार लागत होतं. सीट उचलून ऑइलचं झाकण बघितलं, आतली बाजू स्वच्छ. रेडिएटरचं झाकण बाबांनी स्वतः उघडलं. कुलंट सकाळी होतं तिथेच, काठोकाठ.