रुसायला कोपरा नाही

शुक्रवार, रात्री

बर्फातल्या भटकंतीतला मुक्काम. आठ जणांची लाकडी केबिन. आम्ही दोघी, बाकीचे सहा अनोळखी. पोचलो तोवर शेगडीजवळची जागा मोज्यांनी बळकावलेली. वर बांधलेल्या दोरीवर अकरा मोजे वाळत होते. बारावा कुठे गेला, हे विचारायची ओळख अजून झाली नव्हती.

नळ नाही. पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा. उत्साहाच्या भरात मीच पुढे झाले. पातेलं भुसभुशीत ताज्या बर्फानं शिगोशीग भरलं आणि धगधगत्या शेगडीवर ठेवून दिलं. दहा मिनिटांत करपट वास. पाणी करपतं, हे मला आज कळलं! असला बर्फ निम्म्याहून जास्त हवाच असतो. खाली जेवढा वितळतो तेवढं पाणी वरचा बर्फ स्पंजासारखा ओढून घेतो आणि बूड कोरडंच तापत राहतं. पिकल्या केसांच्या एका बाईंनी काही न बोलता पातेलं उतरवलं, दुसऱ्यात आधी कपभर पाणी ओतलं आणि मग मूठमूठ बर्फ टाकत राहिल्या. पातेलंभर पाण्याला असल्या बर्फाची आठ-दहा पातेली सहज लागतात. म्हणजे बाहेरच्या फेऱ्या. त्याही ठरलेल्या बाजूलाच, कारण संडास दुसऱ्या बाजूला आहे.

त्या एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आपली भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बूट साफ करत बसले. नंतर झोपायला माळ्यावर. गरम हवा वर चढते हे शाळेत शिकलेलं, पण अकरा वाजता स्लीपिंग बॅग उघडी टाकून घामाघूम पडल्यावर ते खरं समजतं. खालचे कुडकुडतायत, आम्ही वर उकडतोय. शिवाय खालून एकाचं घोरणं. लाकडी केबिनमध्ये ते फळ्यांतून येतं, कानांतून नाही.

शनिवार, उशिरा

आजचा मुक्काम यर्टमध्ये, म्हणजे मोठ्या गोल तंबूत. सहापैकी चौघं इथेही आलेत, त्यात त्या बाई आणि घोरणारेही.

गोल घर. सामान ठेवायला कोपरा शोधला आणि हसू आलं. रुसून बसायचं तरी कुठे? भिंतीला कुठेही टेकलं तरी तोंड शेगडीकडे, म्हणजे सगळ्यांकडे. झक मारत गप्पांत सामील झाले.

आत बसून मी बराच वेळ छतच बघत होते. भिंत म्हणजे पट्ट्यांची जाळी, दुकानाच्या सरकत्या दारासारखी मिटणारी. तिच्यावरून निघालेले वासे मधल्या चक्राला भिडतात. वासे जाळीला बाहेर रेटतात, म्हणून जाळीच्या माथ्यावरून गोल फिरवलेला पट्टा सगळं आवळून धरतो. या यर्टला तिथे तारेचा दोर आहे, नमद्याऐवजी, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड थराऐवजी, कॅनव्हास आणि चक्रावर पारदर्शक घुमट. मध्य आशियातल्या मेंढपाळांचं घर ते हेच. मंगोल लोक त्याला गेर म्हणतात. किरगिझ लोकांचं या चक्रावर इतकं प्रेम की त्यांच्या झेंड्यावर सूर्याच्या मधोमध तेच आहे. घुमटातून चांदणं दिसतं असं ऐकलं होतं. आम्हाला साचलेला बर्फ दिसला.

रविवार, पहाट

यर्ट जितक्या लवकर तापतं तितक्याच लवकर निवतं. तीनच्या सुमाराला नाक गार पडून जाग आली. शेगडीत निखाऱ्यांची एक लाल रेघ. आणि मग जाणवलं की कुणी घोरत नाहीये. म्हणजे सगळे जागे होते! सहाच्या सहा जण डोळे मिटून, दुसरं कोण उठतंय याची वाट बघत पडलेले. पाच मिनिटं मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

उठले. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडली, मग शेगडीचं दार किंचित, मग हळूहळू सगळं. घाई केली असती तर धूर आत आला असता. दोन बारीक ढलप्या, त्या पेटल्यावर एक जाड ओंडका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा बघून घेतला. परत स्लीपिंग बॅगेत शिरेपर्यंत घोरणं सुरू झालं होतं. या वेळी चालून गेलं.

सकाळी कुणी विषय काढला नाही. बाईंनी कॉफीचा पहिला कप माझ्या हातात दिला आणि दुसऱ्यांशी बोलत राहिल्या. घोरणाऱ्यांनी राख लोखंडी बादलीत भरली आणि झाकण लावून बाहेर नेऊन ठेवली. राखेतला निखारा दिवसन् दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून कागदी पिशवीत भरायची नाही, असं त्यांनी आम्हा दोघींना दोनदा सांगितलं. मी ढलप्या फोडून दाराशी रचल्या, येणाऱ्यांसाठी.

परतताना केबिनवर थांबलो. खुंटीवरच्या वहीत आधीच्या लोकांनी सूर्योदयाबद्दल बरंच लिहिलंय. मी लिहिलं: मोठ्या पातेल्याच्या बुडाचा काळा डाग माझा आहे. आधी कपभर पाणी ओता.