आधी पंधरावा अध्याय, मग बाविसावा

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला वर्ग अडायचा तो एकाच प्रश्नावर: तारण (पापातून सुटका) विश्वासाने की कृत्यांनी? नव्या करारातल्या पत्रांत प्रेषित पौल म्हणतो, नियमशास्त्रातील कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो (रोम 3:28). याकोब आपल्या पत्रात म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी ठरतो (2:24). ‘कर्म’ वेगळे आणि ‘क्रिया’ वेगळी, ही पळवाट चालत नाही. ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘एर्गा’ हाच शब्द आहे.

गंमत म्हणजे दोघांचा साक्षीदार एकच, इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम. म्हणून आधी बायबलचे पहिले पुस्तक, उत्पत्ती, उघडावे. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याचे नीतिमत्त्व गणले गेले, हे 15:6 मध्ये. इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 वर्षांचा (16:16), सुंता झाली तेव्हा 99 (17:24). म्हणजे सुंतेच्या किमान 13 वर्षे आधीच तो नीतिमान गणला गेला होता. पौलाचा सारा भर या क्रमावर आहे: आधी विश्वास, मग सुंतेचे कर्म. याकोब पुढे बाविसाव्या अध्यायात, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पायला निघाला त्या वेदीपाशी जातो. देवापुढे माणूस कशाच्या आधारे उभा राहतो, हा पौलाचा प्रश्न. तो विश्वास जिवंत आहे हे कशावरून, हा याकोबाचा.

आपल्याकडे ‘कर्म’ म्हटले की पाप-पुण्याची वही आठवते आणि उत्तरपत्रिकेत ‘सत्कृत्ये केल्याने तारण मिळते’ असे उतरते. त्यावर उपाय व्याकरणाचा. इफिसकरांस पत्रातील 2:8-9 वर न थांबता दहावे वचनही वाचावे आणि प्रत्यय पाहावेत: कृपेने, विश्वासाद्वारे, सत्कृत्यांसाठी. ‘सत्कृत्यांनी’ कुठेच नाही.

नुसता विश्वास पुरे, कृत्यांची गरज नाही, ही उलट चूक मला जास्त घातक वाटते. पंचगंगेच्या पुरात घर गेलेल्याला नुसते ‘देव तुमचे भले करो’ म्हणून वाटेला लावणे, हेच याकोब 2:15-16 मध्ये आहे. देव एकच आहे हे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात (2:19).

1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. पुढे त्यांचे मिशनकाम प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. त्या परंपरेच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचा अकरावा अध्याय हेच सांगतो: नीतिमान ठरण्याचे साधन विश्वास एकटाच, पण तो माणसात एकटा कधी नसतो, प्रीतीने कार्य करतो.

येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या आणि येशूने सुखलोकाचे वचन दिलेल्या गुन्हेगाराचे काय, हा प्रश्न वर्गात हमखास निघे. त्याला ना बाप्तिस्म्याला वेळ, ना दानधर्माला. पण लूक 23:40-41 नीट वाचा: उरलेल्या घटकाभरात त्याने दुसऱ्या गुन्हेगाराला दटावले, आपला दोष कबूल केला आणि येशू निर्दोष असल्याचे सगळ्यांदेखत सांगितले.