मधलं भोक

आमच्या रत्नतपासणीच्या टेबलावर जेड म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं जेड नसतंच. हिरवा अ‍ॅव्हेंच्युरीन, सर्पेंटाइन, नाहीतर रंगवलेला क्वार्ट्झाइट. म्हणून हे चिनी पेंडंट आलं तेव्हा आधी काट्यावर ठेवलं. साडेनऊ सेंटिमीटरची कमान, दोन्ही टोकांना ड्रॅगनची तोंडं. हवेत २३.६० ग्रॅम, पाण्यात १५.६०; विशिष्ट गुरुत्व २.९५. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे अपवर्तनांक मोजायच्या यंत्रावर, १.६१. म्हणजे नेफ्राइट, जेड म्हणवणाऱ्या दोन खनिजांपैकी एक. दुसरा, जेडाइट, निघाला असता तर जुनेपणाची बातच मिटली असती, कारण ब्रह्मदेशचा जेडाइट चीनमध्ये भरपूर यायला लागला तो अठराव्या शतकात.

आमच्या तरुण सहकाऱ्याच्या लेखी काम इथेच संपलं. मशीनने नाव सांगितलं की या पोरांना भिंग उचलायचा कंटाळा येतो. ग्राहकाला मात्र नाव नको होतं, वय हवं होतं. "दोन हजार वर्षं जुनं, एवढं लिहून द्या."

अशा कमानीला चिनीत ह्वांग म्हणतात. इ.स.पू. ४७५ ते २२१ या काळात ती मण्यांसोबत ओवून अंगावर मिरवत. नेफ्राइटचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की छिन्नीचं त्याच्यापुढे काही चालत नाही. तो झिजवावाच लागतो: दोरी किंवा फिरती चकती, पाणी आणि त्याच्याहून कठीण वाळू. भोकही वाळूनेच पाडायचं. आत जाता जाता गिरमिटाचं टोक झिजतं आणि भोक निमुळतं होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी पाडतात. मधे दोन्ही भोकं नेमकी जुळत नाहीत, तिथे कंगोरा राहतो.

या कमानीला तीन भोकं होती. वरच्या मधल्या भोकात कंगोरा होता, किंचित एका बाजूला सरकलेला. टोकांची दोन भोकं मात्र आरपार एकाच मापाची, दोन मिलिमीटरची, बाहेरच्या कडेला टवका उडालेली. हिऱ्याच्या ड्रिलचं काम. त्यांत सोन्याच्या कड्या अडकवून हार केला होता.

खरा पेच पांढरेपणाचा. जमिनीत पुरलेला जेड जागोजागी पांढुरका पडतो. इथे तो पांढरेपणा नक्षीच्या खाचांच्या तळापर्यंत आणि मधल्या भोकातही उतरला होता, म्हणजे दगड कोरल्यानंतर पांढरा झाला. टोकांच्या भोकांच्या भिंती मात्र स्वच्छ हिरव्या. पांढरा थर फोडून ड्रिल आत गेलं होतं.

मग जुनंच ना? तसं नाही. भट्टीत तापवूनही नेफ्राइट पांढरा करता येतो, आणि कंगोरा ठेवायची युक्ती नकली माल करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. उलट, नवं भोक दिसलं म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. चीनमधल्या आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ राणीच्या (सुमारे इ.स.पू. १२००) कबरीत ७५५ जेडच्या वस्तू सापडल्या. त्यांतल्या काही तिच्याही काळाच्या कितीतरी आधीच्या होत्या. जुना जेड पुन्हा वापरणं ही तिथली फार जुनी रीत.

तापवलेल्या दगडावर बारीक तड्यांचं जाळं पसरतं. मला ते दिसलं फक्त एका ड्रॅगनच्या जबड्यापाशी, नखाएवढ्या जागेत. तिथे कधीतरी सोनाराची ज्योत लागली असेल, किंवा सगळीच कमान भट्टीतून निघून वरून पॉलिश झाली असेल.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: नैसर्गिक नेफ्राइट, कोरीव. टोकांची दोन भोकं नंतरची. दुसरं वाक्य साहेबांनी खोडलं. ग्राहक नाराज होतो म्हणे.

परवानगी घेऊन मधल्या भोकाचा सिलिकॉनचा ठसा घेतला होता, दाताच्या डॉक्टरांकडचं सिलिकॉन वापरून. तो माझ्या खणात आहे. काल पुन्हा भिंगाखाली धरला. कंगोऱ्याची एक बाजू गुळगुळीत झालीय, दोरी वर्षानुवर्षं घासावी तशी. दुसरी बाजू अजून धारदार आहे.